जवळचे रेल्वे स्टेशन

जव्हारला माझी बदली झाली तेव्हा सगळ्यात मोठा प्रश्न उभा राहिला तो प्रवासभत्त्याच्या बिलाचा. माणूस प्रत्यक्षात कुठेही जाऊन पडो, बँकेच्या दृष्टीनं तो बिलात व्यवस्थित पोचला पाहिजे. या बिलात एक रकाना असतो : 'जवळचे रेल्वे स्टेशन'. मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'नाही'. आठ दिवसांत बिल परत आलं. शेरा होता, 'रकाना अपूर्ण'. मी सविस्तर लिहिलं, 'जव्हार व मोखाडा या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही.' बिल पुन्हा परत. या वेळचा शेरा असा : 'रेल्वे आहे की नाही हे विचारलेले नसून जवळचे स्टेशन कोणते हे विचारले आहे.'

हे वाक्य मी चहा पिता पिता तीन वेळा वाचलं. तत्त्वज्ञानाचा माझा काही अभ्यास नाही. मी बी.कॉम., तोही सेकंड क्लास, आणि त्यातसुद्धा कॉस्टिंगचे मार्क मला परीक्षकांच्या दयेनं मिळालेले. पण हे वाक्य लिहिणारा गृहस्थ उगाच वरच्या ऑफिसात खर्डेघाशी करतो आहे, त्याची जागा एखाद्या मठात आहे, अशी माझी खात्री पटली.

मग शाखेत चर्चा सुरू झाली. बँकेत गिऱ्हाईक नसताना कोणतीही चर्चा चांगली रंगते. आमचे कॅशियर म्हणाले, डहाणू रोड लिहा. शाखाधिकारी नाशिककडचे, त्यांनी इगतपुरीचा आग्रह धरला. एकजण पालघर म्हणाला, एकजण कसारा. शेवटी आमच्या शिपायानं निकाल दिला. तो म्हणाला, "साहेब, कुठलंबी लिहा. कुठं उतरलं तरी पुढं दीड-दोन तास डोंगर चढायचाच हाय." आणि टेबलावरचे कप उचलता उचलता तो पुढे बोलला, "आमच्याकडं गाडी आलीच नाय ते एक बरं झालं. बंद पडायची तरी भीती नाय."

त्याला काय, तो कप विसळायला निघून गेला. मी मात्र त्या वाक्यापाशी अडकलो. कारण बंद पडलेलं एक स्टेशन माझ्या घरातलं आहे.

पण आधी जव्हारबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर इथले लोक मला पुढच्या बदलीपर्यंत बोलतील. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे पंधराशे फुटांवर आहे. याला ठाण्याचं महाबळेश्वर म्हणत. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर तेच महाबळेश्वर बदली होऊन पालघरला रुजू झालं. इथे मुकणे घराण्याचं संस्थान होतं, थेट १९४८ पर्यंत. या घराण्याच्या मूळपुरुषाची एक दंतकथा आहे. त्यानं म्हणे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, ती कबूल होताच कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकीला एक जोडत नेल्या आणि त्या वेढ्यात आख्खा मुलूख घेतला. नॅरोगेज रेल्वेचं तत्त्व याहून वेगळं काही नाही. पट्टी अरुंद ठेवायची आणि लांबवत न्यायची, म्हणजे थोड्या खर्चात पुष्कळ मुलूख पदरात पडतो. गंमत अशी, की हे तत्त्व ज्या गावाला सगळ्यांच्या आधी समजलं त्या गावाला नॅरोगेज मिळाली नाही.

बाकीच्यांना मिळाली. बडोद्याच्या गायकवाडांनी १८६२ साली डभोई ते मियागाम अडीच फुटी रूळ टाकले आणि सुरुवातीला त्यावरून चक्क बैलांकडून डबे ओढवले. म्हणजे बैलगाडीच, फक्त तिला रस्ता चुकायची सोय नव्हती. १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे आली, ती पुढे पंढरपूर, लातूर, मिरज करत फिरली. १९०७ साली नेरळहून माथेरानला गाडी चढली, ती तर दोनच फुटांच्या रुळांवरून. जव्हार-मोखाड्यात डोंगर आहेत, दऱ्या आहेत, पाऊस तर असा आहे की पासबुकातली शाई सप्टेंबरपर्यंत वाळत नाही, पण गाडी नाही. डहाणू-नाशिक रेल्वेची मागणी मात्र आहे, आणि ती वयानं माझ्याहून मोठी असावी, कारण इथले म्हातारेसुद्धा तिचा उल्लेख वडीलधाऱ्यांसारखा करतात.

आता माझ्या घरातल्या स्टेशनाकडे येतो. माझं लहानपण अमरावतीला गेलं आणि मामा कारंज्याला. दर मे महिन्यात आम्ही बडनेऱ्याहून मोठ्या गाडीनं मूर्तिजापूरला जायचो आणि तिथे उतरून छोट्या गाडीत बसायचो. ही छोटी गाडी म्हणजे शकुंतला. मूर्तिजापूर हे तिचं मधलं ठाणं. एका बाजूला अचलपूर, ७६ किलोमीटर, दुसऱ्या बाजूला कारंजा, दारव्हा करत यवतमाळ, ११३ किलोमीटर. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे आमच्या बँकेच्या काउंटरएवढं. एवढ्याशा रुंदीवर एवढी माणसं, पोती, कोंबड्या आणि लग्नाची वऱ्हाडं कशी तोल सांभाळून जात, हे मला काउंटरवर बसायला लागल्यापासूनच नीट कळलं.

गाडी किती हळू जाई याचे किस्से विदर्भात घरटी एक मिळतील, म्हणून मी सांगत नाही. मला आठवतं ते इंजिन. झेड.डी. जातीचं, १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. सत्तर वर्षं त्यानं ही गाडी ओढली. मामा अडतीच्या दुकानात हिशेब लिहीत. एकदा मी त्यांना विचारलं, आपल्या कारंज्यासारख्या गावात इंग्रजांनी गाडी का बरं आणली? मामा म्हणाले, "अबे, आपल्यासाठी नाही आणली. कापसासाठी आणली. आपण त्या कापसाच्या वळखीनं बसतो."

यातला शब्द न् शब्द खरा होता. किलिक निक्सन नावाच्या इंग्रजी पेढीनं १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली ती वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाईनीपर्यंत आणायला. तिथून तो मुंबईला, आणि मुंबईहून बोटीनं मँचेस्टरला. कापूस मँचेस्टरला जायचा आणि तो न्यायला इंजिन मँचेस्टरहून यायचं, म्हणजे डेबिट-क्रेडिटची दोन्ही खाती एकाच घरची. पुढे देश स्वतंत्र झाला, रेल्वे सरकारी झाल्या, तरी ही लाईन कंपनीकडेच राहिली. गाडी चालवायची सरकारी रेल्वेनं आणि रुळांचा मालक तिसराच. आणि लोकांनी काय केलं? लोकांनी त्या कंपनीच्या गाडीला शकुंतला हे नाव दिलं. त्यातून सुचवायचं ते सुचवलं गेलंच, कारण शकुंतलेच्या नशिबी शेवटी काय आलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त हिच्या गोष्टीत अंगठी सापडायची राहिली.

जव्हारला आल्यापासून मामांचं ते वाक्य मला वरचेवर आठवतं. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे. उंची १०२ मीटर, २०१४ साली लोकार्पण झालं. त्यातलं पाणी नदीनं खाली मोडकसागरात उतरतं आणि तिथून नळातून मुंबईला जातं, रोज साडेपंचेचाळीस कोटी लिटर. एप्रिल-मे महिन्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर येतो. म्हणजे माल न्यायला दरवेळी गाडी लागते असं नाही, नळ असला तरी भागतं. पण नळात बसून कुणाला बाजाराला जाता येत नाही, एवढा मात्र फरक पडतो. कापसाच्या ओळखीनं का होईना, आम्हाला बसायला जागा मिळाली होती. आता असल्या मेहेरबानीबद्दल कृतज्ञ राहायचं की नाही? देणाऱ्याच्या मनात आपण नव्हतोच. मी यावर बराच विचार केला, आणि हिशेब जुळत नाही म्हणून सस्पेन्स खात्यात टाकला. कॉमर्सवाल्यांची ही एक सोय असते, तत्त्वज्ञांना ती नाही.

तर १५ एप्रिल १९९४ ला ते वाफेचं इंजिन काढलं आणि डिझेल आलं. त्या मे महिन्यात मी आठवीची परीक्षा देऊन मूर्तिजापूरला उतरलो तो समोर डिझेलचं धूड. मला रडू आलं. त्यानंतर दोन सुट्ट्या गेलो, पण तिसऱ्या वर्षी मामेभावानं शोध लावला की मूर्तिजापूरहून काळी-पिवळी जीप पाऊण तासात सोडते. मग काय, जीप. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, सौ. मुंबईची, तिला मामांचं गाव दाखवायला नेलं तेही भाड्याच्या मोटारीनं. मधल्या काळात एकेका स्टेशनावरची माणसं कमी होत गेली. पुढे पुढे तर गाडीतलेच लोक उतरून फाटक लावायचे, गाडी पुढे काढायचे, फाटक उघडायचे आणि पुन्हा चढायचे. हे मी वर्तमानपत्रात वाचलं, आणि ऑफिसात सगळ्यांना कौतुकानं वाचूनही दाखवलं. शेवटी यवतमाळकडची गाडी थांबली, मागाहून अचलपूरकडचीही. रुंदीकरणाच्या घोषणा झाल्या. वर्ध्याहून यवतमाळकडे नवी मोठी लाईन येते आहे, २०२४ साली ती कळंबपर्यंत पोचलीसुद्धा. ती निराळी वाट आहे, कारंज्याच्या स्टेशनाला तिचा उपयोग नाही.

मागच्या वर्षी मामांच्या वर्षश्राद्धाला कारंज्याला गेलो. जेवणं झाल्यावर सगळे आडवे झाले आणि मी एकटाच स्टेशनावर गेलो. रूळ मातीत बुडालेले. मधे मधे कुठे तरी उघडे पडलेले, तेही गंजून मातीच्याच रंगाचे झालेले. बाभळी आलेल्या. मी खिशातून मोबाईल काढला, फोटो घेतले, खाली वाकून एका रुळाला हात लावला, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणालो, "काय होतं आणि काय झालं!" हे मी जरा मोठ्यानं म्हणालो असेन. कारण बाजूला शेळ्या राखत बसलेली एक म्हातारी माझ्याकडे वळली.

"कोण गावचे भाऊ?"

मी मामांचं नाव सांगितलं. ओळख पटली. मग मी तिला गाडीबद्दल सांगू लागलो, इंजिनाबद्दल, मँचेस्टरबद्दल. ती ऐकत होती. माझं झाल्यावर तिनं विचारलं, "मंग तुम्ही कवा बसले होते हिच्यात?"

मी बोटांवर मोजलं. शहाण्णव साल.

"मी शेवटपर्यंत बसत होती," ती म्हणाली. "भाजी घेऊन मूर्तिजापूरले. बसमधी टोपलं घेत नाही, अन् घेतलं तं त्याचे पैसे वेगळे." थोडं थांबून म्हणाली, "गाडी बंद झाली तं भाजी बंद केली. शेळ्या घेतल्या."

यात तक्रारीचा सूर नव्हता हो. हवामानाबद्दल बोलावं तशी ती बोलली. मी उभा होतो तिथे मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं. माझ्याजवळ फोटो होते, अश्रू होते, १९२१ साल होतं, आणि तिच्याजवळ फक्त तिकिटं होती, जी तिनं खरोखर काढली होती.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. बचत खात्यावर दोन वर्षं खातेदारानं काही व्यवहार केला नाही तर ते खातं 'निष्क्रिय' ठरतं. यात मेख अशी आहे, की व्याज दर तिमाहीला जमा होत असतंच, पण तो व्यवहार धरत नाहीत. ते बँकेनं आपणहून टाकलेलं असतं. खातेदारानं स्वतः काही भरलं, काही काढलं, तर तो व्यवहार. दहा वर्षं असंच चाललं तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते, मात्र खातेदार केव्हाही येऊन मागू शकतो. कारंज्याहून परत येताना, बडनेऱ्याच्या फलाटावर रात्री मला हा नियम आठवला आणि झोप उडाली. एकोणतीस वर्षं मी त्या गाडीच्या नावावर नुसतं व्याज जमा करत होतो. आठवणी, कौतुक, वर्तमानपत्रातली कात्रणं. व्यवहार एकही नाही. आणि गाडी बंद पडल्यावर गळा काढायला सगळ्यांत पुढे मीच.

सौ.चं म्हणणं, मी उगाच स्वतःला लावून घेतो. एकट्यानं तिकीट काढून का कुठे रेल्वे चालते? बरोबर आहे. शिवाय जीपनं पाऊण तासात जाणाऱ्या मुलानं दीड-दोन तास डुलत का जावं, निव्वळ भूतदयेपोटी? हेही बरोबर आहे. वापरायचं नाही तर रडायचंही नाही, असा दंडक घातला तर निम्मी मराठी माणसं मराठी शाळांबद्दल बोलायची बंद होतील, माझ्यासकट. माझा मुलगा इंग्रजी शाळेत जातो. पण 'वापरात नाही' ही जी पाटी आपण कशावरही लावतो, ती लावणारा कोण, हे त्या म्हातारीमुळे मला टोचायला लागलं. कारंज्याचं स्टेशन वापरात नाही असं मी म्हणतो ते बहुधा माझ्यापुरतं. तिच्या शेळ्या तिथे रोज चरतात.

हे सगळं मनात होतं म्हणूनच असेल, यंदा मे महिन्यात एक मोखाड्याकडची बाई काउंटरवर आली तेव्हा मी नेहमीसारखा बोलू शकलो नाही. तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून पासबुक काढलं, त्याच्यावर आणखी एक पिशवी होती, आतमध्ये आणखी एक. पावसाआधी छपरावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी पाचशे रुपये काढायचे होते. खात्यात अकराशे चाळीस होते. मी कळा दाबल्या आणि पडद्यावर लाल अक्षरं आली.

"मावशी, खातं निष्क्रिय आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे वापरात नाही."

"कोनाच्या?"

इकडच्या बोलीत अहो-जाहोचं फारसं प्रस्थ नाही, लहानथोर सगळ्यांना एकच 'तू' पुरतो. त्यामुळे तिचा प्रश्न अगदी सरळ समोर येऊन उभा राहिला. "पैसं हायेत ना आत?" तिनं विचारलं. "मंग? मी तर ते ठेवूनच दिलं होतं. तू सांग, ठेवलेलं म्हंजे टाकलेलं का?"

चौकशी केल्यावर कळलं, रोजगार हमीच्या मजुरीसाठी हे खातं उघडलेलं. पुढे मजुरी दुसऱ्या खात्यात जायला लागली. आणि दरवर्षी दिवाळी झाली की घरची सगळी माणसं भिवंडीकडे वीटभट्टीवर, ती परत यायची पावसाच्या तोंडाशी. पावसात बँकेत यायचं तर बस, बस यायची तर रस्ता. पासबुक मात्र दोन्ही वर्षं भट्टीवर जाऊन आलेलं. तिसऱ्या पिशवीचं कारण तेव्हा कळलं, विटांची धूळ.

खातं पुन्हा चालू करायचा अर्ज असतो. फोटो, आधारकार्ड, अंगठा, सगळं झालं. मग त्यात एक रकाना निघाला : 'खाते न वापरण्याचे कारण'. मी तिला विचारलं नाही. लिहिलं, 'खातेदार खाते वापरत होत्या.' शाखाधिकाऱ्यांनी अर्ज पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे कारण होत नाही." मी म्हटलं, "साहेब, जवळचं रेल्वे स्टेशन इगतपुरी होऊ शकतं तर हेही होतं." ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग सही केली. चांगला माणूस आहे. त्यांची स्वतःची बदलीची बिलं अजून अडकलेली आहेत.

खातं जागं करायला निदान एक व्यवहार हवा, म्हणून मी तिला दहा रुपये भरायला सांगितले. पाचशे काढायला आलेल्या बाईकडून दहा रुपये मागताना मला स्वतःच्या खात्याचं बी.कॉम. आठवलं. तिनं कनवटीची नोट काढून दिली, मी पावती फाडली, आणि लगेच दुसऱ्या स्लिपवर तिचा अंगठा घेऊन पाचशे दिले. तिनं ते मोजले, मग पासबुकावर उमटलेल्या दोन नव्या ओळींवरून बोट फिरवलं.

"आता चालू झालं?"

"चालू."

"किती दिस चालंल?"

"दोन वर्षं. मधे एकदा तरी येऊन जा."

तिनं मनाशी काहीतरी हिशेब केला. दिवाळी, भट्टी, पाऊस, पुन्हा दिवाळी, असाच काहीतरी असावा. मग पासबुक एका पिशवीत घातलं, ती पिशवी दुसरीत, दुसरी तिसरीत.

"येते ना," ती म्हणाली. "पन बस कधी हाय ते तू सांग."

मोखाड्याची बस साडेतीनला होती. ती सव्वापाचला आली. तोवर मावशी आमच्या पायरीवर बसून होत्या, आणि शिपायानं त्यांना चहा दिला.